सी ड्राइव्हची लाल पट्टी: घरच्या कॉम्प्युटरच्या नोंदी

३ मे २०२५, शनिवार

पेढीवरून आलो तर नाना कॉम्प्युटरसमोर हाताची घडी घालून बसलेले. जुनी कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवताना निम्म्यातच रेकॉर्डिंग आपोआप थांबलं. मी काही दाबलं नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. पडद्यावर डिस्क भरल्याची पाटी. 'धिस पीसी' उघडलं. सी ड्राइव्हची पट्टी लालभडक, २२२ जीबीपैकी २.८ जीबी मोकळे.

आमच्या सांगलीच्या गावभागात पावसाळ्यात कृष्णेबद्दल एकच प्रश्न असतो, आयर्विन पुलाला पाणी किती फूट? ४० ला इशारा, ४५ ला धोका, हे इथं पोराटोरांनाही पाठ. पण फूट कळले म्हणून पाणी कोयनेतून सोडलेलं आहे की मधल्या पावसाचं, ते कळत नाही. ही लाल पट्टी तशीच. पातळी सांगते, पाणी कुठून आलं ते सांगत नाही. ते शोधायचं ठरवलं. मे महिना आहे, पावसाच्या आधी माळा आवरायचाच असतो, त्यात हेही.

मशीनची नोंद आधी. २०१७ साली इथंच जुळवून घेतलेला डेस्कटॉप, ८ जीबी रॅम, विंडोज १०. सुरुवातीला १ टीबीची एकच हार्ड डिस्क होती. पुढं २४० जीबीची एसएसडी, म्हणजे चिपवाली वेगवान डिस्क, बसवून विंडोज तिच्यावर घेतलं. सी म्हणजे ती एसएसडी. जुनी डिस्क डी आणि ई या नावांनी आहे.

२४० ची घेतली तर २२२ च कशी दिसते, हे नानांनी तेव्हाही विचारलं होतं आणि दुकानदारावर संशय घेतला होता. माल पूर्ण आहे, माप वेगळं आहे. खोक्यावरचा जीबी म्हणजे बरोबर शंभर कोटी बाइट. विंडोजचा जीबी १०२४ गुणिले १०२४ गुणिले १०२४, म्हणजे १०७ कोटी ३७ लाखांच्या वर. त्या मापानं २४० चे २२३.५ होतात. दीडेक जीबी विंडोजनं दुरुस्तीसाठी नि चालू होण्यासाठी वेगळे भाग करून ठेवलेत. १ टीबीचे ९३१ दिसतात तेही याच मापानं.

मुलीचं म्हणणं, "बाबा, ५०० ची नवी घेऊन टाका ना." घेईन, पण काय भरलंय ते बघितल्याशिवाय नाही. गोदामात काय आहे ते न मोजता दुसरं गोदाम भाड्यानं घेणारा व्यापारी मी अजून पाहिलेला नाही.

४ मे, रविवार

आज हिशोब जुळला नाही.

सी उघडून सगळे फोल्डर निवडले, राइट क्लिक, प्रॉपर्टीज. आकडा मोजत मोजत १८५ जीबीवर थांबला. पट्टी म्हणते २१९ वापरलेत. फरक ३४ जीबी. मी मार्केट यार्डात हिशोब लिहिणारा माणूस. चौतीस रुपयांचा फरक निघाला तरी मला जेवण जात नाही.

फोल्डर ऑप्शन्समध्ये जाऊन लपवलेल्या फाईली दाखवायला लावल्या. त्याखाली 'सिस्टिमच्या संरक्षित फाईली लपवा' अशी आणखी एक खूण असते, तीही काढली. ती काढताना विंडोज घाबरवतं. हो म्हणायचं, फक्त बघायचं, हात लावायचा नाही. मग एकेक वर आले. हायबरफिल नावाची एकच फाईल ३.२ जीबी, हायबरनेट करताना, म्हणजे मशीन झोपवताना, रॅममधलं उतरवून ठेवायची. रॅम अपुरी पडली की वापरायची पेजफाईल ६ जीबी. प्रोग्रामडेटा ९. रिसायकल बिन ५. आणि 'सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन' नावाचा फोल्डर, जो उघडत नाही. परवानगी नाही म्हणतो आणि आकार शून्य दाखवतो.

हा शून्य मला पटला नाही. हरिपूरला हळदीची पेवं असायची. जमिनीत खोल खड्डा, आत शेकडो पोती हळद, तोंड मातीनं लिंपलेलं. वरून चालत गेलं तर नुसती जमीन. हा फोल्डर तसला दिसतोय.

कमांड प्रॉम्प्ट अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून 'व्हीएसएस अॅडमिन' ला शॅडो स्टोरेजची यादी मागितली. १८ जीबी! सिस्टिम रिस्टोअरचे पॉइंट. प्रत्येक मोठ्या अपडेटच्या आधी विंडोज 'आत्ता होतं तसं' जपून ठेवतं, मग त्यानंतर जेवढं बदलेल तेवढं जुनं इथं साठत जातं. वरची मर्यादा डिस्कच्या १० टक्क्यांवर लावलेली होती. बहुतेक मीच कधीतरी लावली असेल.

बेरीज केली. ३.२, ६, ९, ५, १८ मिळून ४१.२. फरक तर ३४ चा होता. आधी कमी पडत होते, आता सात जास्त. झोपलो.

६ मे, मंगळवार

सात जीबी सापडले.

विझट्री नावाचं छोटं प्रोग्राम उतरवलं. याआधी ऑफिसात विनडरस्टॅट वापरलेलं, त्याची जुनी आवृत्ती एकेक फोल्डर उघडून मोजत बसायची, तेवढ्यात चहा व्हायचा. विझट्री फोल्डरात जातच नाही. एनटीएफएस डिस्कवर सगळ्या फाईलींची एक मुख्य वही असते, मास्टर फाईल टेबल. नाव, आकार, जागा सगळं तिच्यात. विझट्री तीच वही थेट वाचतं. त्यामुळं सी पाच-सहा सेकंदांत मोजून झाला. गोदामात पोती मोजत हिंडण्याऐवजी दिवाणजीची वही मागून घेतल्यासारखं.

आणि त्यात विंडोजचा फोल्डर २४ जीबी आहे. परवा एक्सप्लोररनं तोच ३१ दाखवला होता. विंडोजमध्ये विनएसएक्सएस नावाचा फोल्डर आहे, त्यातल्या पुष्कळ फाईली सिस्टिम-३२ मध्येही दिसतात. दिसतात दोन, डिस्कवर एकच. याला हार्ड लिंक म्हणतात. एकच पोतं दोन वह्यांत लिहिलेलं. एक्सप्लोरर दोन्ही वह्या धरून बेरीज करतो. नेटवर कुणीतरी 'विनएसएक्सएस उडवा, दहा जीबी मोकळे' असं सांगत असतं, त्याच्या नादी लागू नये. पोतं एकच असतं आणि ते गेलं की विंडोज उठत नाही.

खरा हिशोब असा बसला: विंडोज २४, दोन्ही प्रोग्राम फाइल्स मिळून १९, वरचे लपलेले ४१.२, आणि युजर्स १३५. एकूण २१९.२. जुळलं! पावती फाडल्यासारखं समाधान.

विझट्रीतला रंगीत चौकोनांचा नकाशा नानांना फार आवडला. प्रत्येक फाईल एक चौकोन, जेवढी मोठी तेवढा मोठा. ही कल्पनाही अशाच लाल पट्टीतून निघालेली आहे. अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठात बेन श्नायडरमन यांच्या प्रयोगशाळेत ८० एमबीची एकच डिस्क चौदा जण मिळून वापरायचे आणि ती सारखी भरायची. कुणी भरली ते एका नजरेत दिसावं म्हणून १९९० मध्ये त्यांनी हा ट्रीमॅप काढला. ८० एमबी म्हणजे नानांच्या रेकॉर्डिंगची आताची चार मिनिटं. हे कसं, ते खाली येईलच.

नकाशात डाव्या बाजूला एकाच रंगाचे मोठाले चौकोन, शेतातल्या वाफ्यांसारखे, सगळे जवळजवळ एका मापाचे. त्यांवर बाण नेला. नाव आलं, डेस्कटॉप, 'नाना कॅसेट'.

"काय शोधायलायस?" नाना मागून.

"काही नाही. तुम्ही सापडलात."

१० मे, शनिवार

युजर्समधले १३५ असे: डेस्कटॉप ७१, पिक्चर्स २६, डाउनलोड्स ८, अॅपडेटा (प्रोग्रामांनी आपापलं साठवलेलं) ३०.

डेस्कटॉपवर ठेवलेलं सी मध्येच जातं हे नानांना माहीत नव्हतं, आणि आम्ही कुणी सांगितलंही नव्हतं. समोर दिसतं म्हणून ते वेगळं, टेबलावरचं, असा त्यांचा समज. समज अगदी सरळ आहे. पडद्याला डेस्कटॉप म्हणणाऱ्यांनीच तो करून दिलाय.

नानांकडं पत्र्याच्या ट्रंकेत कॅसेटी आहेत. कीर्तनं, गल्लीतले गणेशोत्सवाचे कार्यक्रम, आकाशवाणी सांगलीवरून टिपलेलं काहीबाही, घरातल्या लग्नामुंजी. २०१९ च्या पुरात ट्रंक माळ्यावर होती म्हणून वाचली. गेल्या दिवाळीपासून ते डेक लावून ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या प्रोग्राममध्ये एकेक उतरवतायत. ३८ झाल्या. सगळ्या साठ मिनिटांच्या.

आता गणित. सीडीच्या दर्जाचं रेकॉर्डिंग म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना २ बाइटचा, डावा-उजवा असे दोन चॅनल. तासाला ६३ कोटी ५० लाख बाइट, विंडोजच्या मापानं ६०५ एमबी. ही झाली वेव्ह फाईल. अशा ३८ म्हणजे २२.५ जीबी. एवढ्यानं काही डिस्क भरली नसती.

पण प्रत्येक वेव्हच्या शेजारी ऑडॅसिटीचा प्रोजेक्टही ठेवलेला आहे आणि तो दुप्पट मोठा. ऑडॅसिटी मुळात ३२ बिटांत काम करतं, २ बाइटच्या जागी ४ बाइट. आवाज कमी-जास्त करताना, खरखर काढताना आकडे कापले जाऊ नयेत म्हणून. कामाला ते बरोबर आहे, साठवायला गरज नाही. मिनिटाला वीस एमबी. तासाला १.१८ जीबी. ३८ प्रोजेक्टांचे ४५ जीबी. म्हणजे एकेक कॅसेट पावणेदोन जीबी खातीय.

"प्रोजेक्ट कशाला ठेवलेत, नाना? वेव्ह आहे की."

"एक खराब झालं तर दुसरं असावं म्हणून."

दोन्ही एकाच फोल्डरात.

११ मे, रविवार

आजचा प्रयोग सविस्तर लिहितो, कारण मजा आली.

माझी शंका अशी की या कॅसेटी मुळात मोनो आहेत. नानांचा जुना टेपरेकॉर्डर एका माइकचा, त्यावर स्टिरिओ येणार कुठून? आकाशवाणी सांगली मिडियम वेव्हवर ऐकून टिपलेलं, तेही मोनोच. मग डाव्या नि उजव्या चॅनलवर एकच आवाज दोनदा लिहिला जातोय आणि निम्मी जागा त्यात चाललीय. पण नाना म्हणतात दोन्ही कानांना येतंय. येणारच, दोन्हीत तेच आहे.

शंका तपासायला सोपी युक्ती आहे. एका कीर्तनाचा ट्रॅक उघडला. ट्रॅकच्या नावावर क्लिक करून स्टिरिओचे दोन मोनो केले. खालचा निवडून इफेक्टमधलं 'इन्व्हर्ट' लावलं. इन्व्हर्ट म्हणजे लाट उलटी, वरचा डोंगर खाली, खालचा खड्डा वर. दोन्ही चॅनल सारखे असतील तर एकत्र वाजवल्यावर डोंगर खड्ड्यात जाईल आणि आवाज नाहीसा होईल.

वाजवलं. बुवा गेले. टाळ गेले, पेटी गेली, मागं खोकणारं गाव गेलं. नुसती कॅसेटची सरसर, आणि फार लांबून, पलीकडच्या घाटावरून आल्यासारखा टाळांचा एक बारीक किणकिणाट. तो का उरला? कॅसेटवरच्या दोन पट्ट्या डेकच्या हेडखालून केसभर पुढंमागं जातात, त्यामुळं बारीक उंच आवाज नेमके एकमेकांवर बसत नाहीत. बाकी सगळं बसलं.

नाना खुर्चीत पुढं सरकले. "गेलं कुठं?"

"कुठं नाही. हे बघा." अनडू केलं. बुवा परत, ऐन वाक्यात.

त्यांनी तो प्रयोग मला आणखी तीनदा करायला लावला. शेजारच्या काकांना बोलावून एकदा.

तर मोनो. दोन्ही चॅनल मिसळून एक केले की आणखी एक फायदा: बोलणं दोन्हीत सारखं म्हणून भक्कम राहतं, सरसर दोन्हीत वेगवेगळी म्हणून थोडी मवाळ होते. मग १६ बिट. साध्या कॅसेटला तेवढे पुरून उरतात. आणि शेवटी फ्लॅक. फ्लॅक म्हणजे आवाजाची झिप, परत उलगडली की बाइट न् बाइट तोच. एमपी-३ सारखं काही फेकून देत नाही. पहिल्या कॅसेटची फ्लॅक १८० एमबीची झाली. मला दीडशेच्या आत अपेक्षा होती, पण सरसर दाबली जात नाही. तिच्यात काही पुन्हा पुन्हा येणारं नसतं, त्यामुळं थोडक्यात सांगता येत नाही. पाल्हाळिक माणसाचं बोलणं निदान आटोपशीर लिहिता येतं.

पावणेदोन जीबीची १८० एमबी झाली. ३८ चे मिळून ६.७ जीबी होतील. रोज चार-पाच करायच्या. ऐकून बघितल्याशिवाय जुनं पुसायचं नाही, ही नानांची अट. मान्य.

१३ मे, मंगळवार

किरकोळ कामं. हायबरनेट बंद केलं, ३.२ जीबी सुटले. ही फाईल रॅमच्या साधारण ४० टक्के असते, ८ ला ३.२ बरोबर बसतात. डेस्कटॉपला हायबरनेट लागत नाही, लॅपटॉप असता तर ठेवलं असतं. मशीन चालू व्हायला आता थोडं जास्त घेईल, कारण फास्ट स्टार्टअपही हीच फाईल वापरतो. एसएसडीवर ते जाणवत नाही. पेजफाईलला हात लावला नाही. ८ जीबी रॅमवर ती हवीच.

रिस्टोअरची मर्यादा १० टक्क्यांवरून ३ वर आणली. १८ चे ६ झाले. म्हणजे पेवाचं तोंड उघडून निम्म्याहून जास्त माल काढला.

रिसायकल बिन रिकामं करणार तेवढ्यात नाना ओरडले. "अरे, ते टाकलेलं नाही, तिथं ठेवलंय." नंतर बघायचं असं वाटलेलं सगळं ते त्यात ठेवतात. एक जीबीचं काढून दिलं, चार गेले. नानांची पद्धत आमच्या माळ्याचीच आहे, त्यामुळं कुणी कुणाला हसायचं?

अॅपडेटातले ३० मोजले: व्हॉट्सअॅप ११, क्रोम ५, ऑडॅसिटी ९, इतर ५. व्हॉट्सअॅपमध्ये बायकोच्या भिशीच्या पावत्या आहेत. त्या विषयाला आज हात घातला नाही.

ऑडॅसिटीचे ९ मात्र विचित्र. प्रोग्राम तर प्रोग्राम फाइल्समध्ये आहे. मग इथं काय?

१७ मे, शनिवार

अॅपडेटात, लोकलमध्ये, ऑडॅसिटीच्या फोल्डरात 'सेशन डेटा'. अकरा फाईली, सगळ्यांच्या नावाच्या शेवटी 'अनसेव्ह्ड'. रेकॉर्डिंग चालू असताना ऑडॅसिटी आधी इथं लिहीत असतं. नीट सेव्ह करून बंद केलं तर इथलं आवरून टाकतं. मधेच लाईट गेली तर ते तसंच राहतं, आणि पुढच्या वेळी उघडताना विचारतं, परत मिळवू, फेकू, की आत्ता राहू दे? नानांना विचारलं, तुम्ही काय दाबता? "ती इंग्रजी चौकट? 'स्किप'." स्किप म्हणजे राहू दे. दर वेळी राहू दिलं. अकरा वेळा लाईट गेली.

मुलगी म्हणाली उडवून टाका, टेम्पररीच आहे. मीही उडवणार होतो. पण अट आठवली, ऐकल्याशिवाय पुसायचं नाही. लावली एकेक.

सगळ्यात मोठी पावणेचार जीबीची, तीन तास दहा मिनिटं. पहिला अर्धा तास कुणाच्या तरी मुंजीतली मंगलाष्टकं. मग खट्ट, बाजू संपली. पुढं दोन तास चाळीस मिनिटं काहीच नाही. नाना दुपारचे झोपले होते. यात शिकण्यासारखं एवढंच की वेव्हमध्ये आणि अशा प्रोजेक्टमध्ये शांततेलाही गाण्याएवढीच जागा लागते. काही वाजो न वाजो, मिनिटाला वीस एमबी.

सातवी २७ मिनिटांची. आकाशवाणीवरून टिपलेलं, मधे बाजारभाव लागलेले. गूळ, हळद, भुईमूग शेंग. नाना म्हणाले ही कॅसेट नंतर डेकमध्ये गुंतली, फीत चुरगळून तुटली, ती बाजू गेलीच असं धरून त्यांनी टाकून दिली. आणि अठराव्या मिनिटाला भाव सांगणाऱ्याच्या वरताण एक आवाज: "बंद कर रे ते, दूध उतू चाललंय!"

आजी. गेल्याला बावीस वर्षं झाली.

नानांनी काही म्हटलं नाही. थोड्या वेळानं म्हणाले, ते जरा मागं घे. घेतलं. सात-आठ वेळा दूध उतू गेलं.

ही बाजू सेव्ह केली, मोनो, फ्लॅक, नावात 'दूध'. बाकी दहांतल्या आठ कॅसेटी नंतर पुन्हा उतरवलेल्या होत्या, दोन नव्हत्या. त्याही सेव्ह केल्या. मग ९ जीबी पुसले.

१८ मे, रविवार

डी आणि ई. खरं तर पट्टी सी ची लाल होती, हे काम यादीत नव्हतं. पण कालच्यानंतर थांबवेना.

फोटोंचा फोल्डर चार ठिकाणी निघाला. सी वर पिक्चर्समध्ये, डी वर 'फोटो पुरानंतर', ई वर 'फोटो बॅकअप' आणि 'फोटो बॅकअप नवीन'. हे नानांचं काम नाही, माझं. २०१९ ला आयर्विनला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आम्ही सोप्यातलं सामान माजघरात नेलं, टेबलावर टेबल रचलं. पाणी सोप्यात आलं तेव्हा माजघरातही आलं, दोन्हींची जमीन एकच. अल्बम भिजले, पानाला पान चिकटलं. जे सुटे निघाले ते ४१२ फोटो वाळवून स्कॅन केले, ६०० डीपीआय (इंचाला ६०० ठिपके), टिफ. चार बाय सहाचा एक फोटो २४.७ एमबी, सगळे मिळून दहा जीबी. आणि मग भीतीपोटी त्याची कॉपी, कॉपीची कॉपी.

एकसारखे कोणते हे आकारावरून ओळखू म्हटलं तर गंमत झाली, ४१२ च्या ४१२ फाईलींचा आकार सारखाच. न दाबलेल्या टिफमध्ये फोटो कशाचा आहे याला किंमत नसते. लांबी गुणिले रुंदी गुणिले तीन बाइट. लग्नाचा गर्दीचा फोटो आणि कोरी भिंत एकाच वजनाची. म्हणून विंडोजमधलंच सर्टयुटिल वापरून प्रत्येकीचा हॅश काढला, फाईलीचा अंगठा म्हणा. एक बाइट बदलला तरी अंगठा बदलतो. तीन फोल्डर तंतोतंत सारखे. 'नवीन' मध्ये अकरांचे अंगठे वेगळे आले. उघडून बघितलं तर आडवे फोटो मीच उभे करून सेव्ह केलेले. बरं झालं नुसत्या नावावरून पुसलं नाही.

नानांना सांगत होतो, चारपैकी तीन पुसतो. ते म्हणाले, एक डी वर आणि एक ई वर राहू दे, एक डिस्क गेली तर दुसरी. मीही इतकी वर्षं तेच धरून होतो, म्हणून तर दोन्हीकडं टाकले. मग डिस्क मॅनेजमेंट उघडून त्यांना दाखवलं. वर एक आडवी पट्टी, डिस्क ०, तिच्यात सी. खाली दुसरी पट्टी, डिस्क १, तिच्यात डी आणि ई शेजारी शेजारी, मधे एक रेघ.

नाना चष्मा वर करून बघत राहिले. "म्हणजे सोपा आणि माजघर."

हो.

२४ मे, शनिवार

कॅसेटींचं काम संपलं. ३८ च्या ३८ ऐकून झाल्या. प्रत्येकीची सुरुवात, मधलं कुठलंतरी आणि शेवट. प्रोजेक्ट आणि वेव्ह पुसल्या, ६७.४ जीबी. फ्लॅक डी वर. सी मध्ये आता ९८.४ जीबी मोकळे, पट्टी निळी. रखडलेलं विंडोजचं अपडेटही बसलं. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार आहे आणि २०१७ च्या या प्रोसेसरला ११ चालत नाही. त्याची चिंता ऑक्टोबरात.

नव्या एसएसडीचे पैसे वाचले, असं मी म्हणालो. त्याच पैशांत बाहेरून लावायची १ टीबी हार्ड डिस्क घेतली, म्हणजे वाचले काहीच नाहीत.

२७ मे, मंगळवार

यंदा मे मध्येच पाऊस लागलाय. माळा अजून आवरलेला नाही.

नव्या डिस्कवर फ्लॅक, फोटोंची एक प्रत आणि सरळ केलेले अकरा, एवढं टाकलं. कॉपी झाल्यावर पुन्हा अंगठे जुळवले. सगळं मिळून सतरा जीबीच्या आसपास. १ टीबीच्या डिस्कवर ते अगदी कोपऱ्यात पडलंय, विझट्रीच्या नकाशात मोठा काळा चौकोन मोकळा. नाना म्हणाले, एवढ्याशासाठी एवढी कशाला?

डिस्क ताईकडं विश्रामबागेत देऊन आलो. तिसरा मजला. तिनं डब्यात तांदूळ घालून त्यात ठेवायची का विचारलं. नको म्हटलं, नुसत्या कोरड्या डब्यात ठेव. नानांनी वर चिकटपट्टी लावून निळ्या पेनानं लिहिलंय: 'कॅसेटी व फोटो. दूध यातच आहे.' ताईला काही कळलं नाही. तिला तिथंच ऐकवलं.

रात्री कॅसेट क्रमांक ३९ लावली. मोनो, १६ बिट. बाजू अ, २९ मिनिटं. बाजू संपल्यावर पाच सेकंदांत बंद केली. नाना जागे होते.